आरशातून पुसलेली वहिनी

वहिनी कुणाची, असं त्या हॉटेलात कुणी विचारत नसे. ती मालकाच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. पण झाडूवाल्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत आणि वचकून असत. नवरा गेला तेव्हा सासऱ्यांनी सगळ्या नोकरांसमोर सांगितलं होतं, की कोपऱ्यातली खिडकीवाली खोली हिची, मरेपर्यंत. रिसेप्शन आणि टेलिफोन हिने सांभाळायचा. तिने तो असा सांभाळला की भलेभले उद्धट पाहुणे तिच्यापुढे आवाज खाली करून किल्ली मागत.

धाकट्या दिराला, म्हणजे आताच्या मालकाला, ती खोली डोळ्यांत खुपायची. अख्ख्या जुन्या इमारतीत तेवढी उंच कमानदार खिडकी त्या एकाच खोलीला, खाली नदीचं वळण, आणि आत कोण, तर गुडघ्याला मलम चोळत बसलेली भावजय! वडिलांचा शब्द उघड मोडायची त्याची छाती नव्हती. म्हणून दोघं एकमेकांशी बोलत नसत. निरोप वेटर पोचवायचा.

मग मालकाच्या डोक्यात व्हिडिओचं खूळ शिरलं. "बुकिंगचे ॲपवाले मधल्या मधे मलई खातात," तो म्हणाला. "लोकांनी आपली वेबसाइट बघायची, जुनी शान बघायची आणि सरळ आपल्याला फोन करायचा." यात चूक काहीच नव्हती. पण त्याच संध्याकाळी तो स्वतः काउंटरपाशी आला. "वहिनी, फक्त एक दिवस खोली द्या. हॉटेलचं भलं होईल." इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा गोड बोलला होता, आणि तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं. तिने खोली दिली.

कॅमेरावाल्याने तिची औषधं, गरम पाण्याची पिशवी, नवऱ्याचा फोटो सगळं एका टोपलीत कोंबून बाहेर ठेवलं. पलंगावर पांढरीशुभ्र चादर, टेबलावर दोन रिकामे कप. ती मात्र आपल्या खुर्चीतून हलली नाही.

"मॅडम, तुम्ही आरशात दिसताय," तो कुरकुरला.

"दिसणारच. आरसा माझा आहे."

फोटो वेबसाइटवर आला. खोली इतकी देखणी दिसत होती की वहिनीला क्षणभर अभिमानच वाटला. मग तिने फोटोतल्या आरशात पाहिलं. खुर्ची होती. खुर्चीत कुणी नव्हतं. सोबतच्या व्हिडिओत एक लाडिक आवाज सांगत होता, "ही खोली तुमची वाट पाहतेय." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर आचाऱ्याने हळूच सांगितलं, की धुलाईच्या खोलीमागची अडगळ मालकाने साफ करून ठेवायला सांगितली आहे, वहिनींसाठी. म्हणजे फोटोतून तिला काढून झालं होतं. पहिला पाहुणा आला की खोलीतूनही काढायचं, एवढंच उरलं होतं.

रडणाऱ्यातली ती नव्हेच. व्हिडिओच्या शेवटी मोठ्या अक्षरांत फोन नंबर होता, आणि तो फोन तिच्याच टेबलावर होता. एवढा शहाणपणा करणाऱ्या माणसाला एवढं साधं सुचलं नव्हतं.

फोन घणघणू लागले. "खिडकीवाली खोली? तिथे मी राहते. घोरतेही. चालत असेल तर खाली गादी टाकून देते." कुणी हसायचं, कुणी फोन आपटायचं. इतर खोल्या तिने भराभर दिल्या, त्याही खरं सांगून: गीझर सावकाश तापतो, जिना करकरतो. खिडकी मात्र कुणाच्या हाती लागू दिली नाही.

मालक चक्रावला. हॉटेल भरतंय आणि नेमकी तीच खोली कुणाला नको? एका दुपारी फोन वाजला. आवाज ओढूनताणून घोगरा केलेला. "खिडकीवाली खोली हवी होती. महिनाभर." तो आवाज रिसीव्हरमधून येत होता आणि पाठीमागच्या केबिनच्या लाकडी भिंतीतूनही.

"ती रिकामी नाही, साहेब," वहिनी शांतपणे म्हणाली.

"कधी होईल?"

"मी मेल्यावर. पण तुम्ही त्या आशेवर राहू नका, भावजी. नात्याने धाकटे असलात, तरी वयाने माझ्याहून मोठे आहात."

भिंतीपलीकडे खुर्ची जोरात सरकली आणि फोन बंद झाला. त्याच आठवड्यात वेबसाइटवरून खिडकीचा फोटो उतरला. त्या जागी जिन्याचा लागला. जिन्यावर कुणी राहत नव्हतं.