एका नंबरचे दोन कंपायलर

रोज सकाळी पावणेनऊला मास्तर आपल्या टेबलाशी येत आणि खुर्ची न ओढता, उभ्याउभ्याच, नऊ कंपायलरांची हजेरी घेत.

कारखाना औषधाच्या पंपांचा होता. रुग्णाच्या शिरेत थेंब-थेंब औषध सोडणारं, डब्याएवढं यंत्र. त्याच्या पोटात नखाएवढी चिप असते आणि चिपला फक्त आकडे कळतात. प्रोग्राम लिहिणारे लिहितात वाक्यांत. त्या वाक्यांचे आकडे करून देतो तो कंपायलर. पंपाचं प्रत्येक मॉडेल ठरावीक कंपायलरच्या ठरावीक व्हर्जनवर तपासून पास झालेलं असे, म्हणून एकोणीस वर्षं जुनी व्हर्जनंसुद्धा जिवंत ठेवावी लागत. ते मास्तरांचं काम. एक दिवा चालू-बंद करणारा दहा ओळींचा प्रोग्राम ते नऊही व्हर्जनांकडून बांधून घेत. बांधलेल्या प्रत्येक फाइलीचा चेकसम निघे, म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ. फाइलीत एक टिंब जरी हललं तरी ही अख्खी ओळ बदलते. तिची शेवटची चार अक्षरं लोखंडी कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेल्या कागदाशी ताडून मास्तर मोठ्यानं म्हणत, "सात, एफ, शून्य, तीन. हजर."

म्हणून ते मास्तर. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं.

"मास्तर, आज कुणी दांडी मारली का?" पलीकडच्या टेबलावरून रोज कुणीतरी खडा टाकी.

"माझी पोरं तुमच्यासारखी नाहीत," मास्तर कपाट लावत म्हणत. मग खुर्ची ओढत, चष्मा पुसत आणि दिवस सुरू होई.

त्यांच्या धंद्यात एकच पाप होतं. एकदा नंबर देऊन बाहेर सोडलेल्या व्हर्जनला परत हात लावायचा नाही. चूक सापडली तर दुरुस्त करा, पण तिला नवा नंबर द्या. एका नंबरचे दोन कंपायलर जगात असता कामा नयेत. नव्यानं आलेल्यांना मास्तर हे इतक्या पोटतिडकीनं सांगत की ऐकणाऱ्याला हसू येई. ही पोटतिडीक कुठून येते, ते कुणाला माहीत नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी एका बुधवारी त्यांनी चार-दोन हे व्हर्जन सोडलं होतं. शुक्रवारी एका प्रोग्रामरनं येऊन सांगितलं की चार-दोन जरा जास्तच हुशार आहे. फाइल आटोपशीर करण्याच्या नादात एक तपासणी फालतू समजून गाळतोय. पंपाचं आतलं घड्याळ एकोणपन्नास दिवसांनी भरून शून्यावर येतं. ती तपासणी नसेल, तर त्या क्षणी पंपाला वाटेल की पुढचा थेंब आत्ताच द्यायचाय. आणि त्याच्या पुढचाही. आणि त्याच्याही पुढचा.

नवा नंबर द्यायचा तर तीन महिन्यांच्या चाचण्या पहिल्यापासून. मास्तरांनी विचार केला: दोनच तर दिवस झालेत, प्रती दोनच आहेत, एक सर्व्हरवर, एक उत्पादनाच्या खोलीतल्या संगणकावर. त्यांनी दुरुस्त केलेला कंपायलर सर्व्हरवर त्याच नावानं, त्याच नंबरानं ठेवला. कपाटातल्या कागदावर जुन्या चार अक्षरांवर कागदाची चिंधी डकवून नवी चार लिहिली. मग पेनड्राइव्ह घेऊन उत्पादनात गेले. तिथला संगणक मुद्दाम नेटवर्कपासून तोडलेला असे. कारखान्याचा अखेरचा प्रोग्राम त्याच्यावरच बांधायचा, असा नियमच होता.

"काम चालू आहे, ठेवून जा," तिथला ऑपरेटर म्हणाला. "संध्याकाळी टाकतो."

संध्याकाळी त्यानं पेनड्राइव्ह लावला. संगणकानं विचारलं, याच नावाची फाइल आधीपासून आहे, बदलू का? ऑपरेटरनं नंबर पाहिला. चार-दोन. तोच तर आहे. त्यानं 'नाही' दाबलं आणि पेनड्राइव्ह मास्तरांच्या खणात ठेवून दिला. त्याचं काय चुकलं? नंबर तोच असेल तर वस्तू तीच, हे त्याला मास्तरांनीच शिकवलं होतं.

पाच महिन्यांनी तो संगणक भंगारात काढायची वेळ आली, तेव्हा त्याची डिस्क पुसताना मास्तरांना फाइलीची तारीख दिसली. बुधवारची. पाच महिन्यांत त्या खोलीतून तीनशे बारा पंप बाहेर गेले होते. मास्तर स्वतःला म्हणाले, एकोणपन्नास दिवस सलग पंप कोण चालवतं? वॉर्डात रोज कुणी ना कुणी बंद करतंच. त्यांनी डिस्क पुसली. त्यानंतर चार-तीन आलं, पाच आलं. चूक सांगणारा प्रोग्रामर नोकरी सोडून गेला, आणि हजेरी तेवढी रोज होत राहिली.

या वर्षी एका इस्पितळाच्या दीर्घ आजारांच्या वॉर्डात एका म्हाताऱ्या बाईला वेदनेचं औषध लावलेलं होतं. पन्नासाव्या दिवशी पहाटे पंपानं सकाळपर्यंतचं औषध काही मिनिटांत रिकामं केलं. बाई गेली. ड्यूटीवरच्या नर्सनं धावत येऊन पंप बंद केला, आणि तिथेच ती अडकली. त्या जुन्या मॉडेलची नोंदवही वीज गेली की पुसली जाई. तिनं कोणता आकडा भरला होता, याचा पुरावा तिच्याच हातानं पुसला गेला होता. चौकशी समितीनं पंपाला सील ठोकलं, तिला घरी बसवलं आणि कारखान्याकडे एक कागद मागितला: या पंपाचा प्रोग्राम ज्या कंपायलरनं बांधला, त्यानंच पुन्हा बांधून, चालवून पाहिला आणि तो निर्दोष आहे.

प्रोग्राम पुन्हा बांधला गेला. सर्व्हरवरच्या चार-दोननं. तो निर्दोष निघाला. निघणारच होता. कागदाखाली मास्तरांची सही हवी होती.

तिनं पंप कसा चालवला ते करून दाखवायला समितीनं एका दुपारी नर्सला कारखान्यात आणलं. मंडळी आत चहा घेत होती. चाचणीच्या खोलीत मास्तर आणि ती, दोघंच होती. तिशीची असेल. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"बसा ना," मास्तर म्हणाले.

"नको. दिवसभर उभं राहायची सवय आहे." थांबून म्हणाली, "होती."

टेबलावरचा पंप टिकटिकत होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"हे तुम्ही बनवता?"

"मी नाही. प्रोग्राम कशानं बांधला, ते मी सांभाळतो. कुठला नंबर, कुठली प्रत."

"म्हणजे स्टोअरकीपर."

"तसंच समजा."

"मग तुम्हाला कळेल काका. आकडा मी दोनदा वाचला होता. मोठ्यानं. आम्हाला तसंच शिकवतात, भरायच्या आधी एकदा, भरल्यावर एकदा. पण मोठ्यानं वाचलेलं राहतं कुठे? साहेब म्हणतात, पुरावा द्या. भिंतीला बोलता येत असतं तर दिला असता."

काहीतरी विचारायचं म्हणून मास्तरांनी विचारलं, "पंप बंद का केलात?"

"तुमची आई तिथे असती तर तुम्ही बघत बसला असता?"

त्या दिवशी घरी ते खाली मान घालून जेवले. बायकोनं दोनदा वाढलं, त्यांनी दोनदा खाल्लं.

"अहो, भाजीत मीठ नाहीये," ती शेवटी म्हणाली. "माझ्या लक्षात आलं, तुमच्या नाही. काय झालंय?"

मास्तरांनी सांगितलं. बुधवार, शुक्रवार, चिंधी, डिस्क, म्हातारी, नर्स. बायकोला कंपायलर कळत नव्हता. बाकीचं सगळं कळलं. हात सुकेपर्यंत ती ताटावरच बसून राहिली.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "आणि मी मैत्रिणींना सांगते, आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही." उठताना म्हणाली, "उद्या डबा लवकर देते. लवकर जा."

विभागाची प्रमुख एके काळी मास्तरांच्याच हाताखाली शिकलेली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

"मास्तर, असलं काही मला का सांगता?"

"मग कुणाला सांगू?"

"पुरावा? तो जुना चार-दोन कुठाय?"

"मीच पुसला."

"म्हणजे आहे तो फक्त तुमचा शब्द. दोन वर्षांनी रिटायर होणार आहात. सही करा, मोकळे व्हा. नाहीतर तो पंप पन्नास दिवस चालवून बघायला लागेल, आणि तो सीलबंद आहे. समितीचा अहवाल पंधरा दिवसांत आहे."

"पंधरा दिवस द्या मला," मास्तर म्हणाले.

कपाटाच्या दारावरची चिंधी त्यांनी ओल्या बोळ्यानं भिजवली आणि नखानं हळूहळू सोडवली. खाली पुसट पेन्सिलीत चार अक्षरं होती. बी, दोन, नऊ, ई. गेलेल्या कंपायलरची तेवढीच निशाणी जगात उरली होती. त्याचा मूळ मजकूर जुन्या साठ्यात होता; दुरुस्ती काढून टाकून तो पुन्हा घडवता येत होता. घोडं अडलं ते तारखेवर. हा कंपायलर स्वतःच्या जन्माची तारीख प्रत्येक फाइलीत कोरून ठेवी. तारीख चुकली की अक्षरं जुळणार नाहीत, आणि तो नेमका कोणत्या दिवशी घडवला हे मास्तरांनी कुठेच लिहिलं नव्हतं.

त्यांनी एका संगणकाचं घड्याळ अकरा वर्षं मागे नेलं. चाचण्या सुरू झाल्या त्याच्या आदला मंगळवार लावला, कंपायलर घडवला, दिव्याचा प्रोग्राम बांधला. नाही जुळला. सोमवार. नाही. एकेका दिवसाला चार तास लागत. पलीकडच्या टेबलावरची चेष्टा केव्हाच थांबली होती. बातमी फुटली होती आणि लोक त्यांच्या टेबलाला वळसा घालून जात. "म्हातारा आपल्यासोबत सगळ्यांना बुडवणार," असं कुणीतरी ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालं.

अकराव्या दिवशी, महिन्याच्या सहा तारखेवर, पडद्यावर शेवटी बी, दोन, नऊ, ई आलं. मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं नाही. त्या सहा तारखेला आपण काय करत होतो, घरी काय चाललं होतं, पाऊस होता की ऊन, ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. काही म्हणजे काहीच आठवेना.

त्या कंपायलरनं बांधलेला प्रोग्राम एका पंपात घालून तो समितीपुढे मांडला. घड्याळ पुढे ढकलून एकोणपन्नासाव्या दिवसाच्या शेवटावर आणलं. काही क्षण थेंब नीट पडत राहिले. मग पिस्टन पळाला आणि सुईतून धार लागली. टेबलावरचं पाणी कडेपर्यंत आलं, खाली सांडलं, तरी कुणी उठलं नाही.

नर्सवरचा ठपका कागदावरून निघाला. तिला परत बोलावलं, पण ती गेली नाही. एका कपड्यांच्या दुकानात बसते, असं मास्तरांना पुढे कळलं. ते एकदा त्या दुकानासमोरून गेले. ती गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होती. एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं. मास्तर आत गेले नाहीत.

मास्तरांना समितीपुढच्या चाचणीच्या आठवड्यातच रजेवर पाठवलं. कपाट रिकामं झालं, हजेरीचं काम एका आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामकडे गेलं. निरोप समारंभ झाला नाही. खणातल्या वस्तू एका खोक्यात भरून शिपायानं घरी आणून दिल्या.

कारखान्यानं तीनशे बारा पंप परत मागवले. दोनशे त्र्याण्णव आले. एकोणीस सापडेनात, विकलेले, दान दिलेले, एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे गेलेले. कारखान्यानं पत्रं पाठवली आणि हात झटकले. मास्तरांनी त्या एकोणीस पंपांची, नंबर आणि दवाखान्यांच्या नावांसकट, यादी घरी जेवणाच्या टेबलावर मांडली आणि रोज सकाळी नऊपासून फोन करायला बसले.

"तुम्ही कुठून बोलताय?" पलीकडून विचारत.

"घरून."

"मग काय संबंध तुमचा?"

"पंप उलटा करून मागचा नंबर वाचा फक्त. अर्धं मिनिट लागेल हो."

कुणी वाचे, कुणी फोन ठेवून देई. एकानं त्यांना सेल्समन समजून झापलं. बायको भाजी निवडता निवडता ऐके. "लग्न जमवताना सुद्धा इतके फोन नव्हते केलेत," ती एकदा म्हणाली, आणि मास्तर हसले. फोनांच्या त्या सात महिन्यांत ते हसलेलं तिला तेवढंच आठवतं. छातीत भरून येतं म्हणून डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. पंप एकोणिसाचे बारा झाले, बाराचे सहा झाले. दोन ठिकाणी पंप सापडले ते चालू अवस्थेत, रुग्णाला लावलेले. त्या दोन्ही दिवशी दुसरा पंप लावल्याचं पलीकडून ऐकेपर्यंत मास्तरांनी फोन ठेवला नाही.

एका गुरुवारी दुपारी एका लांबच्या दवाखान्यातली स्टोअरवाली म्हणाली, बघून सांगते, तुम्हाला उलटा फोन करते. साडेचारला तिचा फोन आला. पंप होता तिच्याकडे. अडगळीत होता, चालू नव्हता. बायकोनं नंबर दोनदा विचारून यादीशी ताडला आणि सांगायला आतल्या खोलीत गेली. मास्तर कुशीवर होते, भिंतीकडे तोंड करून, आणि त्यांचा हात गार पडला होता.

पाच पंप अजून बाहेर आहेत. यादी आता तिच्याकडे आहे. तीच फोन करते.

तिला लोक विचारतात, शेवटी काही बोलले का? ती सांगते, बोलले ना. तीनच्या सुमाराला खुर्चीतून उठले, चष्मा यादीवर ठेवला आणि म्हणाले, "मी जरा पडतो. फोन आला तर उचल गं. आणि चहा आत्ताच टाकू नकोस, मी उठल्यावर टाक."