उद्या सेंटरला कुलूप नाही

सुलोचनाताई काल गेल्या आणि मला अजून रडू आलेलं नाही.
नुसत्या येरझाऱ्या घालतेय.

काल सकाळी बोरीच्या स्टँडवर परभणीच्या एसटीची वाट बघत उभ्या होत्या. सेंटरच्या अनुदानाचा राहिलेला एक कागद द्यायचा होता. छातीत कळ आली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बोरीपासून थोडं आत, आमच्या गावात आरोग्य केंद्र आहे. डॉक्टर नाही. ताई, मी आणि अजून एक सिस्टर, तिघीच. बीपी, शुगर, गरोदर बायांची तपासणी, ड्रेसिंग. झेपत नाही ते वेळेत पुढे पाठवायचं.

एका संस्थेच्या पैशावर चालायचं. संस्थेने हात काढून घेतला. आता सरकारी अनुदान मिळालं तरच दार उघडं राहणार.

ताईंनी परभणीच्या सरकारी ऑफिसला किती हेलपाटे घातले, विचारू नका. एकदा टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "बाई, तुमच्यात डॉक्टर कोण आहे?"
"कोनीच न्हाई. म्हनून तर आमी हाव," ताई म्हणाल्या.

शेवटी पाहणी समिती यायचं ठरलं.
आणि माती मी खाल्ली.

साहेब येणार म्हटलं की आपल्याकडे काय करतात? सडा, रांगोळी, शाल-नारळ. मीही केलं. फरशी फिनाईलने पुसली. आणि बाकावर बसलेल्या पेशंटना म्हटलं, "आज साहेब लोक यायलेत, गर्दी करू नका. उद्या या."
गुणी माणसं. एकही थांबला नाही.

समितीने चकाचक फरशी बघितली, रिकामी बाकं बघितली, चहा घेतला. शेरा मारला: केंद्राला लोकांचा प्रतिसाद नाही.

ताई तेव्हा एका बाळंतिणीच्या घरी गेल्या होत्या. परत आल्या, सगळं ऐकलं. आता माझी खैर नाही असं वाटलं. त्या बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "वर्षा, अगं, पाव्हणे बघायला बोलावले आन् नवरीच लपवून ठिवलीस की गं."
मी हसले. मग ढसाढसा रडले.

त्यांनी पुन्हा अर्ज केला. पुन्हा ऑफिसचे तेच जिने. पुन्हा पाहणी मिळाली.
तारीख उद्याची आहे.

आज सकाळी ताईंच्या दारात सगळं गाव होतं. किराणा दुकानवाले अप्पाही होते. शुगरमुळे त्यांचा पाय जायची वेळ आली होती, तो ताईंनी रोज ड्रेसिंग करून वाचवला. डोळे पुसत म्हणाले, "उद्या समदं गाव बंद ठिवू. सेंटरलाबी कुलूप लावू. येवढा मान तर द्यायलाच पायजे."
सगळ्यांनी माना डोलावल्या.

समिती येणार आणि दाराला कुलूप! पण दुःखाच्या घरी अनुदानाचा विषय काढायचा कसा? लोक काय म्हणतील? मी गप्प राहिले. खरंच राहिले, लाज वाटते सांगायला.

बोलले ते गुरुजी. ताईंचे मिस्टर, रिटायर्ड शिक्षक.
"अप्पा, बंद कशाला ठिवायलाव? उद्या साहेब यायलेत. मान द्यायचा आसंल तर पाय दाखवायला या. समद्यायला घिऊन या."
मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आन् बाई, तुमी उद्या सावडायला येऊ नका. सेंटरवर ऱ्हावा."

अप्पांनी वाचलेल्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाले, "येतो, गुरुजी."

तर उद्या नऊ वाजता सेंटर उघडतंय. बीपीवाले, शुगरवाले, लसीची बाळं, सगळे या. बसायला जागा नाही मिळाली तर उभे राहा, पण परत जाऊ नका.

अनुदान मिळेल का? मला माहीत नाही. समिती काय लिहील तेही माहीत नाही. हे दोनदा टाइप करून खोडलं.

ताई, तुमच्या माणसांत उद्या मी नसेन. माफ करा.
श्रद्धांजली संध्याकाळी वाहते.
आधी पेशंट बघून घेते.