काकूंची पगारवाढ मीच जाहीर केली

मंडळी, आज सकाळी निलंग्यात आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला. शेजारच्या शांताकाकू कुबड्यांवर दारात उभ्या होत्या. त्यांच्या घागरी गल्लीतला महादू पैसे घेऊन भरून देतो.

या दुष्काळात सगळ्याचेच भाव चढले, काकूंना सरकारकडून मिळणारा अपंगांचा पगार मात्र कित्येक वर्षं तेवढाच. म्हणून मोबाईलवर बातमी दिसताच मी हौसेनं ओरडलो, "काकू, पगार वाढला तुमचा!"

काकू लई दिवसांनी हसल्या.

महादूनं घागर खाली ठेवली. "मग काकू, आजपासून घागरीमागं दोन रुपये जास्त द्या. मलाबी महागाई हायच की."

त्याचं तरी काय चुकलं? पण वाढीव पैसा खात्यात यायच्या आधीच वाटून झाला.

काकू मला हळूच म्हणाल्या, "बाळा, कानात सांगायचं की रे."