एका कान्याची जागा

सत्यशीलाबाईंनी आयुष्यात एकच कविता लिहिली आणि ती चार हजार घरांच्या भिंतीवर लागली. चुकीची लागली, पण लागली.

बाई सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत. लातुरात डॉक्टर व्हायला येणाऱ्या पोरांसाठी जे क्लासेस आहेत, त्यांपैकी एकाच्या मुलींच्या वसतिगृहात त्या रेक्टर आहेत. आधी त्याच वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटत होत्या. बाहेरून बी. ए. केलं, तेव्हा हातातलं लाटणं सुटलं आणि गेटपासचं रजिस्टर आलं. एकशे चाळीस मुली त्यांना घाबरतात. त्यांच्यापैकी कुणालाही बाई कविता करतात असं वाटणं शक्य नाही.

लॉकडाऊनमध्ये मुली घरी गेल्या, गेटला कुलूप लागलं, रजिस्टर कोरं राहू लागलं. त्याच्या शेवटच्या पानावर बाईंनी कविता लिहिली. नाव दिलं, ‘सरवा’.

ज्वारीची कणसं मोडून खळ्यावर गेली, की गळालेली, नजरेतून सुटलेली कणसं रानात राहतात. ती वेचणं म्हणजे सरवा. तो मजुरांच्या पोरांनी वेचायचा आणि मालकानं बघून न बघितल्यासारखं करायचं, असा रिवाज होता. बाईंचं गाव जळकोट तालुक्यातलं. रान अण्णारावांचं. बाईंची आई त्यांच्याकडे रोजानं जायची आणि नऊ वर्षांची सत्यशीला आईच्या मागं सरवा वेचायची. सोबत अण्णारावांची उज्वलाही असायची. त्याच वयाची, त्याच वर्गातली. ती हौसेनं वेचायची आणि कणसं दुकानात देऊन गुळाची गोडीशेव घ्यायची.

कवितेतल्या काही ओळी अशा :

पाय पोळले तरी सरवा,
कंबर धरली तरी सरवा.
तिचा सरवा गोडीशेव झाला,
माझा सरवा भाकर.

शेवटच्या कडव्यात एका संध्याकाळची गोष्ट आहे. उज्वला कंटाळली आणि तिनं आपल्या फ्रॉकमधली कणसं सत्यशीलाच्या परकराच्या ओच्यात टाकली. अण्णारावांनी भरलेला ओचा पाहिला. “एवढा कुठं सरवा असतो का गं?” असं म्हणून त्यांनी तो खळ्यावर रिकामा करून घेतला. उज्वला शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. शेवटची ओळ आहे, ‘पडलेलंही कुणाचं तरी असतं, हे मला त्या दिवशी कळलं.’

क्लासेसचे संचालक रामलिंग सर दरवर्षी पालकांसाठी कॅलेंडर काढतात. दीड वर्षापूर्वी त्यांना ‘काहीतरी प्रेरणादायी’ हवं होतं. बाईंनी धीर करून रजिस्टरचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. सरांनी ते न वाचता बजरंगकडे टाइप करायला पाठवलं. बजरंगचं डीटीपीचं दुकान आहे आणि शुद्धलेखनाबाबत त्याचा लौकिक चांगला आहे. त्यानं सगळे ‘सरवा’ काढून ‘सराव’ केले.

“बाईंचा काना चुकला होता,” तो सांगतो. “अकरा ठिकाणी. मी सगळे नीट करून दिले.”

‘पाय पोळले तरी सराव, कंबर धरली तरी सराव.’ लातुरात याहून प्रेरणादायी काही लिहिलं गेलं नसेल. कॅलेंडर हाती आलं, त्याच दिवशी बाई सरांच्या केबिनमध्ये गेल्या.

“सर, ते सराव न्हाई. सरवा हाय.”

“म्हणजे काय?”

बाईंनी सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं.

“मॅडम, हे पोरांना कुठं समजावत बसायचं? आता बघा, एकीचा सराव टाइमपास, तिला गोडीशेव. दुसरीचा सराव म्हणजे भाकर, ती लागणार मेडिकलला. अन् शेवटची ओळ तर लईच भारी. तुमचा पडलेला मार्क दुसऱ्या कुणाचा तरी होतो. मी हे स्वतः बोर्डावर लिहितो.”

पालक मेळाव्यात कविता वाचायला बाईंनाच उभं केलं. त्यांनी स्पष्ट ‘सरवा’ वाचलं. पहिल्या रांगेतल्या एका पालकानं मदत म्हणून हळूच ‘सराव, सराव’ असं सुचवलं. बाईंनी पुन्हा ‘सरवा’च म्हटलं. तेव्हा रामलिंग सर माइकवर आले आणि म्हणाले, “मॅडम आमच्या गावाकडच्या हायेत. उच्चार समजून घ्या.” पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातले निम्मे गावाकडचेच होते.

इथवर बाईंनी सोसलं. कॅलेंडर डिसेंबरात उतरतं. पण यंदा सरांनी कविता नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर रंगवायची ठरवली, खाली बाईंच्या नावासह. बाई पुन्हा केबिनमध्ये गेल्या. भिंतीवर तरी आपला शब्द असावा, एवढीच त्यांची मागणी होती.

“तुम्ही म्हणता म्हणून कसं बदलू?” सर म्हणाले. “कुणी जाणकार माणसानं सांगितलं तर बघू.”

कवितेच्या बाबतीत कवयित्रीपेक्षा जाणकार कोण, असं बाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी एक नाव सुचवलं. डॉ. उज्वला, नांदेडच्या एका महाविद्यालयात मराठीच्या प्राध्यापक, ग्रामीण बोलीवर पीएचडी. तीस वर्षांत दोघींची भेट नव्हती. नंबर मुखेडच्या एका नातेवाइकाकडून मिळाला. सरवा म्हणजे काय ते माहीत असलेली आणि लातुरात जिचं ऐकलं जाईल अशी बाईंच्या ओळखीत ती एकटीच होती.

‘सराव’सकट रंगवून झालेल्या भिंतीच्या अनावरणाला उज्वलाबाई आल्या. भिंतीवरचा पडदा बाजूला झाला. कविता शेवटपर्यंत वाचून त्यांनी माइक घेतला.

“इथं एक गंभीर चूक आहे. हा शब्द सराव नाही, सरवा आहे. मराठवाडी बोलीतला अस्सल शब्द.”

“बघा!” रामलिंग सर पालकांना म्हणाले. “अभ्यास म्हणतात तो याला!”

दीड वर्ष जो गावाकडचा उच्चार होता, त्याचं चार मिनिटांत संशोधन झालं. बाई खुर्चीत ताठ बसून होत्या. त्यांचं काम झालं होतं.

उज्वलाबाईंचं झालं नव्हतं. त्या रंगात आल्या. “ह्या शीलानं अन् मी एकाच रानात सरवा वेचलाय. काय मजा यायची! आणि आमचे बाबा, कवितेतले अण्णाराव, असले कडक! माझीसुद्धा कणसं काढून घेतली हो त्यांनी!” पालक हसले. आजच्या मुलांना असं बालपण कुठं मिळतं, असंही त्या म्हणाल्या. जाताना त्यांनी भिंतीसाठी एक टीप लिहून दिली.

आठ दिवसांनी पेंटर येऊन गेला. सकाळी मुलींना क्लासला सोडताना बाईंनी भिंत वाचली. अकराही ठिकाणी ‘सरवा’ होता. खाली नवी ओळ होती : ‘सरवा – सुगीनंतर रानात राहिलेली कणसे वेचण्याचा ग्रामीण मुलांचा पारंपरिक खेळ.’

त्यांनी तिथूनच नांदेडला फोन लावला.

“उज्वला, खेळ नव्हता गं तो.”

“अगं, मग काय होतं? खेळायचोच की आपण, शीले. मला लख्ख आठवतंय.”

“तुला बरोबर आठवतंय,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्या केबिनमध्ये गेल्या.

“सर, खालची ओळ पुसायची.”

“मॅडम, पीएचडीवाल्या बाईंनी लिहिलंय. शब्द ठेवायचा तर अर्थ पायजे की. लोक विचारतील.”

“मग शब्द काढा. वर सराव करा.”

सरांनी पेन खाली ठेवला. “दीड वर्ष तुम्हीच सरवा सरवा करून राहिला होता ना?”

“हाव. पण बजरंगला म्हाईत नव्हतं, म्हणून तो चुकला.”

कुणाला माहीत होतं, हे सरांनी विचारलं नाही. त्यांना ‘सराव’ आधीपासूनच पसंत होता. त्यांनी लगेच पेंटरला फोन केला. अकरा काने एकेक अक्षर अलीकडे घ्यायला पेंटरला अर्धा दिवस लागला. खालच्या ओळीवर पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावे लागले.

कवयित्रीनं स्वतः येऊन शब्द बदलून घेतला, असं रामलिंग सर आता नव्या पालकांना भिंत दाखवताना सांगतात. त्यात खोटं काही नाही.