अप्पांच्या तोंडून सुकन्या

उदगीरच्या आमच्या गल्लीत मडिवाळप्पांच्या घरचा टीव्ही सगळ्यांचा होता, निदान आवाजापुरता तरी. शेजारच्या दानम्मा आपल्या ओट्यावर लसूण सोलत त्यांच्याच टीव्हीवरच्या बातम्या ऐकायच्या. स्वतःचा टीव्ही बंद पडला तेव्हा त्यांनी तो दुरुस्तीला टाकलाच नाही. "अप्पाचा चालू हाय तवर माझा कशाला पायजे?" असं त्या सरळ सांगत.

मडिवाळप्पांचं सगळं आयुष्य डाळमिलमध्ये गेलं. साधा हमाल म्हणून लागले आणि मिस्त्री होऊन निवृत्त झाले. मोटारी, पट्टे, चाळण्या यांच्या धडधडाटात तिथं कोणाचं बोलणं कोणाला ऐकू यायचं नाही, म्हणून मिलमधली माणसं हातांनी बोलायची. मूठ वर केली की मशीन थांबवा. हवेत किल्ली फिरवल्यासारखा हात फिरवला की चालू करा. आणि माल चोख निघाला की पाचही बोटं जुळवून कपाळाशी न्यायची. डबा पोचवायला जाणाऱ्या त्यांच्या बायकोला, गौरम्मांना, ह्या सगळ्या खुणा पाठ झाल्या होत्या. पुढं अप्पांचे कान मंद झाले, तेव्हा घरातही त्याच खुणा चालू राहिल्या.

पण टीव्हीला कुठल्या खुणा? अप्पांची अडचण मोठी नाजूक होती. "आवाज येतो गं, शब्द येत न्हाईत," असं ते म्हणायचे. आवाज वाढवला की गोंगाट वाढायचा, शब्द तसेच एकमेकांत कालवलेले राहायचे. एका शिबिरात मिळालेलं कानातलं यंत्र त्यांनी काही दिवस लावलं. त्यातून कुकरची शिट्टी आणि बातम्या सारख्याच जोरात यायला लागल्या, तेव्हा ते कपाटात गेलं. विनोदी मालिका चालू असली की ते आधी बाकीच्यांच्या तोंडाकडं बघायचे आणि मग हसायचे. हे गौरम्मांशिवाय कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणून गौरम्माच त्यांच्या दुभाषी. पण त्यांचा हात मोठा आखडता.

"काय म्हणायलेत ते?"

"भांडायलेत."

"तास झाला बोलायलेत आन् तुझ्यात एवढंच?"

"तासभर तेच करायलेत, तर मी काय वाढवून सांगू?"

वर्षानुवर्षं जगातल्या सगळ्या घडामोडी त्यांना अशा दोन-दोन शब्दांत मिळत आल्या होत्या आणि त्यांची तक्रारही नव्हती. तक्रार सुरू झाली ती सुकन्याचा फोन आला त्या दिवशी.

सुकन्या त्यांची थोरली लेक. शेतीशास्त्रात शिकली आणि आता तुरीच्या नव्या वाणांवर काम करते. शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा एक कार्यक्रम टीव्हीवर थेट होतो, त्यात तिला बोलावलं होतं. गौरम्मांनी फोन ठेवला आणि अप्पांना ही बातमी नेहमीच्या हिशेबानं सांगितली, "सुकी टीव्हीत येणार."

अप्पा म्हणाले, "तिचं मला तुझ्याकडून न्हाई ऐकायचं. मला तिचं सगळं ऐकायचंय."

गौरम्मांना हे लागलं नाही. त्यांना ते पटलं. त्यांनीच धाकट्या लेकाच्या, वीरेशच्या मागं लकडा लावला.

वीरेशचं स्टेशनरीचं दुकान आहे. मोबाईलमधलं त्याला कळतं, तेव्हा टीव्हीतलंही कळत असणार, असं घरात सगळ्यांनी धरलेलं. त्यानं आधी बिनवायरचे हेडफोन आणले. टीव्ही जुना, तो काही त्यांच्याशी जुळेना. ते वीरेशच्याच मोबाईलला जाऊन जुळले आणि अप्पांच्या कानात वह्यांचा भाव विचारणाऱ्या कोण्या गिऱ्हाईकाचा आवाज आला. "टीव्हीत वह्या इकायलेत का?" असं अप्पांनी विचारल्यावर घर हसून लोटपोट झालं. मग वीरेश लातूरला माल आणायला गेला, तेव्हा गंजगोलाईच्या बाजारातून वायरचे हेडफोन घेऊन आला. कानावर नीट बसणारे, मऊ गादीचे. टीव्हीच्या मागं त्यासाठी एक गोल भोक होतंच. इतक्या वर्षांत कोणी तिकडं बघितलं नव्हतं. वायर मात्र आखूड निघाली. अप्पांना टीव्हीच्या अगदी बाजूला स्टूल टाकून बसावं लागलं.

"दावणीला बांधल्यावानी दिसायलाव," गौरम्मा म्हणाल्या.

अप्पांनी त्यांना हातानं थांबवलं. बातम्या देणारी बाई बोलत होती. तिचा प्रत्येक शब्द सुटा सुटा येत होता, नीट चाळलेल्या डाळीसारखा. मध्येच ती श्वास घेत होती, तोही ऐकू येत होता. अप्पा सगळ्या बातम्या संपेपर्यंत उठले नाहीत. जाहिरातीसुद्धा ऐकल्या. त्या संध्याकाळी गल्ली एवढी शांत झाली की दानम्मा "अप्पाला बरं न्हाई का?" म्हणून चौकशीला आल्या.

ह्या आनंदात एक साधी गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. ती ध्यानात आली दुसऱ्या दिवशी, कार्यक्रमाच्या वेळी.

खोली भरली होती. दानम्मा आल्या होत्या, गल्लीतल्या चार बाया आल्या होत्या. गौरम्मांनी ठेवणीतलं इरकल लुगडं नेसलं होतं, जणू टीव्हीतून सुकन्याच त्यांना बघणार होती. अप्पा स्टुलावर, कानाला हेडफोन. पडद्यावर सुकन्या आली. नमस्कार केला. तिचे ओठ हलले. खोलीत मात्र कसलाच आवाज नाही.

"आवाज कुठंय रे?" दानम्मा म्हणाल्या.

वीरेशनं रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली. मग त्यानं मागची पिन उपसली. खोलीत सुकन्याचा आवाज दणाणला आणि अप्पांचा चेहरा पडला. पिन परत घातली, अप्पा उजळले आणि खोली मुकी झाली. हा टीव्ही एका वेळी एकालाच आवाज देणार होता. अप्पांना, नाहीतर बाकी सगळ्यांना.

अप्पांनी खोलीभर बसलेल्या माणसांकडं पाहिलं आणि हेडफोन काढायला हात वर नेला. "तुमी ऐका. मला मागून सांगा."

गौरम्मा उठल्या. त्यांनी नवऱ्याचा हात धरून खाली आणला.

"इतकी वर्सं आमी तुमाला सांगितलं," त्या म्हणाल्या, "आज तुमी आमाला सांगा." अप्पांना अर्थातच काही ऐकू आलं नाही. मग गौरम्मांनी हवेत किल्ली फिरवली. मशीन चालू करा.

अप्पांनी घसा साफ केला. वायर आखूड असल्यामुळं ते टीव्हीच्या बाजूला, खोलीकडं तोंड करून बसले होते. मिलमध्ये कमावलेला आवाज लावून त्यांनी सुरुवात केली.

"ती म्हणायलीय, ज्या रानात मागच्या साली मर रोगानं तूर वाळली, तिथं लगेच दुसऱ्या साली तूर घेऊ नका. पेरायच्या आधी बियाला औषध चोळा. आळस करू नका."

"आळस करू नका, हे तिनं म्हणलं का तुमी?" दानम्मांनी हातवारे करून विचारलं.

"तिनंच. माझं मी घालत न्हाई, आन् तिचं कायबी कापत न्हाई. मी काय गौरम्मा हाव का?"

बाया खिदळल्या. गौरम्माही हसल्या. अप्पा एक शब्द गाळत नव्हते. कंधारच्या शेतकऱ्यानं विचारलेला प्रश्न त्यांनी त्याच्या खोकल्यासकट सांगितला.

मग निवेदकानं सुकन्याला विचारलं, तुम्ही तुरीकडं कशा वळलात? अप्पांनी प्रश्न सांगितला आणि उत्तरासाठी थांबले. त्यांच्या कानात, अगदी शेजारी बसून बोलावं तशी, सुकन्या बोलत होती.

"माझे वडील उदगीरला डाळमिलमध्ये मिस्त्री होते. घरी आले की खिशातून तुरीचे चार दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवायचे आणि विचारायचे, यातला चोख कोणता? मी चुकले तरी रागवायचे नाहीत, उद्या परत आणायचे. तूर मी पुस्तकातून नंतर शिकले. आधी त्यांच्या खिशातून शिकले."

अप्पांनी तोंड उघडलं. शब्द आले नाहीत.

"काय म्हणली?" दानम्मा पुढं सरकल्या. "ओ अप्पा, काय म्हणली सुकी? अडकलाव का?"

अप्पांनी गौरम्मांकडं पाहिलं. उजव्या हाताची पाचही बोटं जुळवली आणि हळूच कपाळाशी नेली.

गौरम्मांनी पदर डोळ्यांना लावला.

"आमाला सांगा की गौरम्मा," दानम्मा वैतागल्या, "काय म्हणली ती?"

"माल चोख हाय म्हणायलेत," गौरम्मा म्हणाल्या. त्या दिवशीही त्यांनी थोडक्यातच सांगितलं, पण त्यात काही कमी नव्हतं.

अप्पांनी नाक पुसलं, हेडफोन नीट केले आणि ताठ बसले. "मुखेडच्या एका भावाचा फोन आलाय. शेंगा पोखरणाऱ्या अळीचं विचारायलाय. आता डॉक्टर सुकन्याबाई सांगायल्यात, ध्यान देऊन ऐका." त्यांचा आवाज आता इतका चढला होता की रस्त्यानं जाणारे दोघं-तिघं दाराशी थांबले होते.

"हळू सांगा म्हणा की अप्पाला," दानम्मा म्हणाल्या, "सारी गल्ली ऐकायलीय."

"ऐकू दे," गौरम्मा म्हणाल्या.