छोट्या सुट्टीचा ठराव

आमच्या शाळेत शिक्षकसभेचा ठराव सभेच्या आधीच वहीत लिहून तयार असतो. सभा नंतर होते, चहाबरोबर. काल मुख्याध्यापकांनी तो वाचून दाखवला: जादा तास बसवण्यासाठी छोटी सुट्टी दहाऐवजी पाच मिनिटांची. पहिलीच्या सुमनबाई म्हणाल्या, “सर, माझ्या पोरांना चड्डीची नाडी सोडायलाच पाच मिनिटं लागतात.” आम्ही सगळे हसलो. हसून झालं आणि सह्यांसाठी वही फिरू लागली.

‘सर्वानुमते’ हा शब्द आधीच लिहिलेला असला की मत जिभेवर राहतं आणि हात सही करून मोकळा होतो. बाईंनीही केली. सगळ्यांनी मिळून घेतलेला निर्णय कुणा एकाचा नसतो. म्हणून तर तो इतका हलका वाटतो.

आज पाच मिनिटांत घंटा झाली. मी व्हरांड्यात उभा होतो. मुतारीपाशी पहिलीची रांग तशीच होती आणि सुमनबाई ओणव्या होऊन एकेकाची नाडी सोडत होत्या. रांगेच्या टोकाचं पोर रडत नव्हतं. ओल्या चड्डीत नुसतं उभं होतं.

वहीत बाईंच्या सहीखालीच माझी सही आहे.