सदतीस चुका

गोरक्षसाहेब सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासायला होते. तयार पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा, मापात बसला नाही की त्यावर लाल रंगाचा ठिपका लावून बाजूला फेकायचा. ठिपका लागलेला पार्ट भंगारात जायचा. साहेब निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते अशाच माणसांना बघून.

मी नाथा. भद्रकालीत माझं पेटीदुरुस्तीचं, म्हणजे हार्मोनियमचं, दुकान आहे, वर्षाकाठी चारदोन पियानोही हाताखालून जातात. देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यातलं सामान विकायला निघालं, तेव्हा त्यातला पियानो साहेबांना मीच दाखवला. म्हणजे पुढच्या पापात माझाही वाटा आहेच. हा पियानो आपोआप वाजणारा होता. आधीच्या मालकांनी पट्ट्यांखाली यंत्र बसवून घेतलं होतं. पेन ड्राइव्हवर गाण्याची फाइल घालून बटण दाबलं की समोर कुणी नसताना पट्ट्या खाली-वर व्हायच्या. आणि कुणी बसून वाजवलं, तर कुठली पट्टी, किती जोरात, किती वेळ, हे सगळं यंत्र टिपून त्याची फाइल करायचं.

साहेबांना तो आवडला, कारण वाजवायला माणूस लागत नाही. माणूस आला की चूक आली. त्यांच्या बायकोला, मीनावहिनींना, तो वेगळ्याच कारणानं आवडला. त्यांची आई देवळालीतच एका बंगल्यात स्वयंपाकाला होती आणि तिथल्या बाईंनी लहानग्या मीनाला दोन वर्षं पियानो शिकवला होता. मी पियानो घरात बसवला त्या दिवशी वहिनींनी चाळीस वर्षांनी पट्टीवर बोट ठेवलं. पट्टीला कणीक लागली म्हणून लगेच पदरानं पुसून काढली आणि माझ्याकडे बघून हसल्या. ते हसू मला अजून आठवतं.

असे पियानो घरी असणाऱ्यांचा एक ग्रूप आहे. पुणे, कोल्हापूर, गोवा, बडोदा, इंदूर, अशी साठेक मराठी माणसं. कुणी स्वतः वाजवून फाइल करतो, कुणी भोकं पाडलेल्या जुन्या कागदी गुंडाळ्यांवरून, पूर्वी असे पियानो त्यांवर वाजायचे, उतरवतो आणि मग एकमेकांना पाठवतात. दुरुस्तीवाला म्हणून मलाही त्यात घेतलं होतं. साहेब आत आले आणि सहा महिन्यांत ग्रूपचे मालक झाल्यासारखे वागायला लागले. लोकांनी पाठवलेल्या फाइली ते संगणकावर उघडायचे, पुढेमागे झालेले सूर सरळ रेषेत आणायचे, चुकीचा सूर काढून टाकायचे. हे ‘साफ करणं’. त्यांनी नियमच घातला : साफ फाइल आली की कच्ची फाइल सगळ्यांनी तिथल्या तिथं पुसायची. कुणी जुनी फाइल पुन्हा पाठवली, तर त्याला ग्रूपमधून बाहेर.

काम ते चोख करायचे, हे मान्य करायला हवं. जीभ मात्र विंचवाची. इंदूरच्या एका डॉक्टरांनी नातीनं वाजवलेली फाइल कौतुकानं पाठवली. साहेबांनी अकरा चुका काढून खाली लिहिलं, “मुलीला दुसरा छंद लावा.” मी मध्ये पडलो, म्हटलं पोर आहे हो. तर सगळ्यांसमोर मला उत्तर आलं, “नाथाचा कान पेटीचा. त्याला भाता ऐकू येतो, सूर येत नाही.” वीस जणांनी हसरे चेहरे टाकले. मी ते विसरलो नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. वहिनी दुपारी कामं उरकली की पियानोवर बसायच्या. त्यांची आई भाकरी थापताना एक चाल गुणगुणायची, ती त्यांनी मनानंच पट्ट्यांवर बसवली होती. मी तारा जुळवायला गेलो की ऐकायचो. एका ठिकाणी वरच्या सुराकडे जाताना त्या थांबायच्या. आई तिथं तव्यावरची भाकरी उलटायची, म्हणून गाणं तुटायचं, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. पुढचा सूर आला की मला दर वेळी बरं वाटायचं.

साहेबांनी एक दिवस वहिनींच्या नकळत यंत्र चालू ठेवलं. संध्याकाळी ती फाइल ग्रूपवर आली. वर लिहिलं होतं, “कसं वाजवू नये याचा नमुना. वादक : माझी पत्नी.” खाली यादी. एक ते सदतीस. तिसरी चूक, डावा हात उशिरा. नववी, शेजारची पट्टी लागली. चौदावी, वरच्या सुरापूर्वी विनाकारण थांबणे. लोक खदाखदा हसले. एकानं लिहिलं, “वहिनींना म्हणावं, भाकरीच बरी.” साहेबांनी त्याखाली शाबासकीचा अंगठा टाकला.

वहिनींनी ते वाचलं. त्यांच्याही फोनवर ग्रूप होता, हे साहेबांच्या लक्षातच नव्हतं, किंवा होतंही. दुसऱ्या दिवशी मी पियानोचं पेडल दुरुस्त करायला गेलो होतो. साहेबांनी वहिनींना स्वयंपाकघरातून बोलावून खुर्चीवर बसवलं आणि रात्रीतून साफ करून ग्रूपवर टाकलेली फाइल लावली. पट्ट्या आपोआप हलायला लागल्या.

“बघ, तूच वाजवतेस. फक्त बिनचूक.”

वहिनी मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत बसल्या. चौदाव्या चुकीच्या जागी पट्ट्या न थांबता पुढं गेल्या.

“छान आहे हो,” त्या म्हणाल्या. “आता मला बसायला नको.”

त्यानंतर त्यांनी पियानोला हात लावला तो फक्त धूळ पुसायला. पुसतानाही झाकण लावलेलं असायचं. तीन वर्षं मी दर चार महिन्यांनी त्या घरी जात होतो, डोळ्यांनी बघितलंय. साहेबांना वाटायचं, बायको शहाणी झाली.

गेल्या दिवाळीनंतर वहिनी डेंगूनं गेल्या. सहा दिवसांत खेळ आटोपला. तेरावा झाल्यावर आठवड्यानं त्यांची मुलगी चैताली माझ्या दुकानात आली. ती पाथर्डी फाट्याला राहते, बँकेत आहे.

“काका, आईची फाइल आहे का तुमच्याकडे? बाबांनी साफ केलेली नको. खरी.”

होती. नियमबियम मी कधी पाळलाच नव्हता. फोन आलेलं सगळं साठवतो आणि मला पुसायचा आळस. तिनं ती स्वतःच्या फोनवर घेतली आणि तिथंच कानाशी लावली. वरच्या सुराआधीचा थांबा आला तसं तिनं माझ्या टेबलाची कड धरली. संपल्यावर फोन पर्समध्ये ठेवला.

“बाबांना देऊ नका, काका. त्यांनी तिला एकदा भंगारात टाकलंय.”

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर तिनं सांगितलं नसतं, तरी मी दिली नसती.

महिन्याभरानं ग्रूपवर साहेबांचा मजकूर आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यात ‘कृपया’ होतं. साफ फाइल वाजवली की बायको वाजवतेय असं वाटत नाही, तिची कच्ची फाइल कुणाकडे राहिली असेल तर कृपया पाठवावी, आपण स्वतःची पुसून बसलो आहोत.  तासाभरानं इंदूरच्या डॉक्टरांचं उत्तर आलं, “साहेब, तुमचाच नियम.” त्याखाली एकामागून एक जोडलेले हात आले. मी मोजले, तेवीस. मीही दोन हात जोडून टाकले.

दुसऱ्या दिवशी साहेब दुकानात आले. पायरीवर चपला काढल्या. याआधी कधी काढल्या नव्हत्या.

“नाथा, बघ ना रे. तुझा फोन जुना आहे, असेल कुठंतरी.”

दाढी वाढली होती, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच वाईट वाटलं.

“नाही साहेब. मी तुमचा शब्द कधी मोडलाय का?”

ते गेले. पण हार मानणारा तो माणूस नव्हे. फाइल पुसली गेली होती, यादी मात्र ग्रूपवर तशीच होती. याद्या पुसायचा नियम त्यांनी केलाच नव्हता. त्यांनी सदतीस चुका वहीत उतरवून घेतल्या, साफ फाइल संगणकावर उघडली आणि एकेक चूक परत आत घालायला बसले. जिथं शेजारची पट्टी लागली होती, तिथं ती लावली. अडचण एकच होती. कारखान्यात केसाच्या दहाव्या भागापर्यंत मोजणाऱ्या माणसानं बायकोच्या यादीत नुसतं ‘उशिरा’ लिहिलं होतं, नुसतं ‘थांबणे’. किती, ते लिहिलंच नव्हतं. मग त्यांनी सगळीकडे सारखाच अर्धा सेकंद घातला.

अठरा दिवस ते हेच करत होते. एका रविवारी सकाळी त्यांनी मला आणि चैतालीला बोलावलं. अंघोळ केलेली, दाढी केलेली. पियानोवर वहिनींचा फोटो, त्याला ताजा हार. वहिनींची खुर्ची पट्ट्यांसमोर ओढून ठेवलेली, रिकामी.

“ऐका,” म्हणाले आणि बटण दाबलं.

चाल सुरू झाली. डावा हात अर्धा सेकंद उशिरा आला. शेजारची पट्टी लागली. पुन्हा अर्धा सेकंद. वरच्या सुराआधी पट्ट्या थांबल्या, अर्धा सेकंद, आणि पुढं गेल्या. एवढ्यात भाकरी उलटत नाही. साहेब डोळे मिटून ओठांनी चुका मोजत होते. गाणं संपल्यावर त्यांनी चैतालीकडे बघितलं. परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या मुलासारखं तोंड झालं होतं त्यांचं.

“आली ना आई?”

चैताली रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. साहेबांनी वही उघडली, खिशातून पेन काढलं. लाल होतं.

“कुठं चुकलं ते सांग. मी दुरुस्त करतो.”

“कुठंच नाही बाबा. सदतीसच्या सदतीस बरोबर आहेत.”

“मग?”

“मग काय? आई नाही यात.” तिनं पर्स उचलली. “आणि आता येणारही नाही.”

ती दाराकडे गेली. तिच्या पर्समध्ये फोन होता, फोनमध्ये तिची आई. साहेब माझ्याकडे वळले. 

“नाथा, तू तिला वाजवताना ऐकलंयस. तो थांबा किती होता? एक सेकंद? दोन? एवढंच सांग. तुझा कान आहे.”

माझाही फोन शर्टाच्या खिशात होता. काढून त्यांच्या हातात दिला असता, तर तो माणूस माझ्या पाया पडला असता. मी वहिनींच्या फोटोकडे बघितलं, चैतालीच्या पाठीकडे बघितलं.

“माझा कान पेटीचा, साहेब.”

आम्ही दोघं बाहेर आलो आणि चपला घालायला लागलो. आत साहेबांनी पुन्हा बटण दाबलं होतं.